बारकीची लांब दोरी

दर्याला अगदी खेटून एक गाव होतं, आणि त्या गावात बारकी नावाची एक कोळीण राहत होती. नावावर जाऊ नका. बहिणींत शेवटची म्हणून आईबापांनी बारकी म्हटलं, पण अंगापिंडानं चांगली थोराड, आणि आवाज असा की तिनं आपल्या पोरांना हाक मारली की शेजारपाजारची पोरंसुद्धा ओ देत. नवरा मोठ्या बोटीवर खलाशी. महिनोन् महिने तो तिकडे लांब पाण्यावर, आणि इकडे घर, दार, पोरं आणि चूल बारकीच्या अंगावर. त्याचं तिला काही वाटत नसे. उलट कुणी "बिचारी" म्हटलं की ती त्याच्याकडे असं बघायची की पुन्हा तो शब्द काढायची त्याची छाती होत नसे.

बारकी मासे धरायची ते किनाऱ्यावरूनच. आता होडीशिवाय मासे कसे धरतात ते आधी सांगतो, नाहीतर पुढची गोष्ट तुमच्या डोक्यावरून जाईल. ओहोटीला पाणी मागं सरलं की ओल्या वाळूत दोन खुंट ठोकायचे, एक किनाऱ्याकडे आणि एक पार पाण्याच्या कडेला. दोन्हींच्या मधे लांब दोरी ताणून बांधायची. त्या दोरीला हात-हात अंतरावर बारीक दोऱ्या, प्रत्येक दोरीच्या टोकाला गळ, आणि गळाला कोलंबी नाहीतर म्हाकुळाचा तुकडा. एवढं केलं की घरी जायचं. भरती येते, दोरी पाण्याखाली जाते, मासे येतात, आमिष गिळतात आणि अडकतात. पुढच्या ओहोटीला दोरी उघडी पडली की आपले मासे सोडवून घ्यायचे. ऐकायला सोपं वाटतं ना? एकदा करून बघा, मग बोला.

गावात बऱ्याच जणांच्या अशा दोऱ्या होत्या, पण बारकीच्या दोरीसारखी लांब दोरी कुणाचीच नव्हती. ज्यांच्या दोऱ्या आखूड, त्यांना खाजणाच्या चिखलातली बोटभर खरबी मासळी मिळायची. बारकीचा बाहेरचा खुंट थेट पाण्यात. त्यामुळे तिला शिंगाळा मिळायचा, वाम मिळायची, आणि नशीब जोरावर असलं तर हातभर लांबीचा तांबही. प्रत्येक गळ तिनं स्वतः बांधलेला होता. "माझ्या दोरीची गाठ सुटली तर माझं नाव बदला," असं ती चारचौघांत सांगायची, आणि नाव बदलायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती.

त्या किनाऱ्यावर एक रीत होती. ओहोटी लागली की सगळ्यांनी काळ्या खडकांपाशी जमायचं. गावात एक म्हातारा तांडेल होता. सगळी उमर त्यानं होडी हाकण्यात घालवली, आणि हात थकले तसा तोही किनाऱ्यावर दोरी लावायला लागला. तो सगळ्यांवर नजर फिरवायचा आणि हाक घालायचा, "आले का रे सगळे?" ज्याची त्याची ओ आली की मगच वाळूवर उतरायचं. एकट्यानं आधी उतरायचं नाही. असं का, म्हणून विचारलं तर, असंच. बापजाद्यांपासून चालत आलेलं.

आता "असंच" हे उत्तर बारकीच्या घशाखाली उतरणारं नव्हतं. आणि त्यातून आंबाजी.

हा आंबाजी तिच्या नवऱ्याचा लांबचा भाऊ. गडी गुणाचा, पण झोपेचा भलता लोभी. त्याला काही दुखणंबिखणं नव्हतं हो, नुसती झोप. सगळे खडकांपाशी येऊन उभे, पाणी सरलेलं, दोऱ्या उघड्या पडायला लागलेल्या, आणि हा डोळे चोळत, लुंगी सावरत, दर पावलाला जांभई देत खाली यायचा. तोवर घारी वरून गिरक्या घ्यायच्या, कावळे दोरीवर उतरायचे, आणि खेकडे तर वाळूतून बाहेर पडून जेवायलाच बसायचे. बारकीच्या डोळ्यांदेखत तिचे मासे कुरतडले जायचे, आणि ती हात चोळत उभी.

"तांडेलमामा, घाला ना हाक! त्याच्यासाठी सगळ्यांनी किती वेळ ताटकळायचं?"

"येईल गो. आलाच बघ."

"आलाच कसला! घरून निघाला तरी असेल का?"

दुसरी एक गोष्ट तिच्या डोक्यात जायची. आपापली दोरी आवरली की ही माणसं काळ्या खडकांवर पाय पसरून बसायची. कुणी पान जुळवतंय, कुणी तपकीर ओढतंय, आणि तांडेल आपल्या तरुणपणीच्या गोष्टी रंगवून सांगतोय. बारकी तिकडे खाली कमरेत वाकून गळ सोडवायची, आणि मागून हसण्याचा आवाज यायचा. तिला वाटायचं, काय ही माणसं! येताना उशीर करतात, आणि मासे हातात पडले तरी घरी जायची घाई नाही. टोपलीतली मासळी मऊ पडतेय, इकडे गप्पा! देवानं यांना मासे देऊच नयेत.

एके दिवशी तिच्या दोरीला मोठा तांब लागला. खडकांवरूनही त्याचा लाल रंग दिसत होता. बारकीला हर्ष झाला. पण आंबाजीचा पत्ता नाही. ती थांबली. तेवढ्यात कावळे उतरले आणि त्यांनी तांबाचे डोळे फोडले, पोट फाडलं. आंबाजी येऊन ओ देईपर्यंत त्या तांबाचं डोकं आणि काटा तेवढा शिल्लक होता.

बारकी काटा हातात घेऊनच वर आली आणि तांडेलापुढे उभी राहिली. "बघा मामा! हा माझा तांब. उद्यापासून मी थांबायची नाही. ज्याला झोपायचंय त्यानं खुशाल झोपावं. ज्यानं त्यानं आपलं यावं, आपलं काढावं, आपलं जावं. माझं काही चुकतंय का, सांगा."

तांडेलानं काट्याकडे बघितलं, बारकीकडे बघितलं. तिचं चुकतंय असं त्याला म्हणवेना. तांब खरोखरच मोठा होता.

"बरं," तो म्हणाला. "तुला तसं बरं वाटत असेल तर तसं."

"मलाच नाही, सगळ्यांनाच बरं पडेल. बघाल तुम्ही!"

आणि पडलंही. दुसऱ्या दिवसापासून बारकी हाकेची वाट न बघता उतरायला लागली. दोरीचा एकेक गळ उघडा पडेल तसा ती मासा सोडवायची, कावळ्यांना जागाच द्यायची नाही. बाजारात आता पहिली टोपली तिचीच टेकायची. गिऱ्हाईक म्हणायचं, "बारकीबाई, आज मासळी अगदी ताजी!" त्यावर ती म्हणायची, "मी कुणासाठी थांबत नाही ना, म्हणून." तिचं बघून बाकीचेही सुटले. ज्यांच्या दोऱ्या किनाऱ्याजवळ, त्यांच्या लवकर उघड्या पडत. ते आपले आपण यायचे, मासे काढायचे आणि घर गाठायचे. तांडेल काही दिवस एकटाच खडकावर बसून राहिला, पण एकट्यानं कुणाला गोष्टी सांगायच्या? मग तोही आपली दोरी आवरून जायला लागला. खरं सांगायचं तर गावात कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. माणसं खूश, बायका खूश. आंबाजी तर सगळ्यांत खूश, कारण आता त्याला कुणी बोल लावत नव्हतं.

पुढे अमावास्येचं उधाण आलं. उधाणाच्या दिवसांत पाणी वर येतं तेही फार, आणि मागं जातं तेही फार. बारकीनं आदल्या ओहोटीला आपला बाहेरचा खुंट आणखी पुढे नेऊन ठोकला होता. सकाळी ती अर्ध्या दोरीवर पोचली तेव्हा बाकीच्यांची कामं उरकत आली होती. "चाललो गो बारकी!" म्हणत एकेक जण टोपली डोक्यावर घेऊन निघालासुद्धा. ती आपल्या नादात. एकेक गळ सोडवत, टोपली पुढे पुढे ठेवत ती बाहेरच्या खुंटापर्यंत पोचली, तेव्हा तिची टोपली काठोकाठ भरली होती. आणि शेवटच्या गळांवर काय असावं? एक दांडगा शिंगाळा, आणि त्याच्या पलीकडे परातीएवढी चपटी, लांब शेपटीची पाखट!

बारकीनं पदर खोचला. शिंगाळ्याला काटे असतात, ते टोचले तर ठणका जीव घेतो, हे तिला ठाऊक होतं. तिनं त्याला बरोबर डोक्यामागं पकडलं आणि सफाईनं सोडवलं. शिंगाळ्यानं काही केलं नाही. केलं ते पाखटीनं. पायाशी नुकतंच पाणी परतलं होतं. ते अंगाला लागताच पाखटीनं असा हिसका दिला की सगळी दोरी थरथरली आणि मधला रिकामा गळ उसळून बारकीच्या उजव्या हातात घुसला. अंगठ्याखालच्या मांसात, थेट आतपर्यंत.

गळाला उलटं टोक असतं. आत जातो तो सरळ, पण मागं ओढला की मांसात रुततो. माशाला सुटता येऊ नये म्हणून तर ते केलेलं असतं. बारकीनं एकदा ओढून बघितलं आणि तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. "हात् मेल्या!" ती गळावर ओरडली. घाबरली नव्हती अजून. सुरी टोपलीत होती. डाव्या हातानं सुरी घ्यायची, बारीक दोरी कापायची, की झालं. ती वळली, तर टोपली जागेवर नव्हती. परतणाऱ्या पाण्यानं ती अलगद उचलली होती आणि माशांसकट पलीकडे नेली होती. हात लांब केला तरी पोचेना.

मग तिनं खुंटाची गाठ सोडायला घेतली. एका हाताला सुटेना. तिनं दातांनी ओढून बघितली. गाठ तिनं स्वतः बांधलेली, ती कशाला सुटते! पाखट हिसके देत होती आणि प्रत्येक हिसक्याला गळ आणखी आत जात होता. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं. गुडघ्यांपर्यंत आलं. उधाणाची भरती ती, चढते तेव्हा कुणाला विचारत नाही.

"अरे, या रे कुणीतरी!" म्हणून बारकी खडकांकडे वळून ओरडली.

खडकांवर कुणी नव्हतं.

ती बघतच राहिली. तिच्या मनात नेमकं काय आलं ते तिलाही नीट कळलं नाही. एवढंच आलं की, तिथं नेहमी माणसं असतात. ती खाली वाकलेली असली की तिथं नेहमी कुणीतरी बसलेलं असतं. आणि आज नाही.

पाणी कमरेला लागलं तेव्हा बारकीला जन्मात पहिल्यांदा दर्याची भीती वाटली. पोरं दारात वाट बघत असतील. नवऱ्याला तर कळणारसुद्धा नाही. ती ओरडत राहिली. तो एवढा मोठा आवाज, पण ऐकायला वाळूवर चिटपाखरू नव्हतं, आणि गाव माडांच्या पलीकडे. पाणी छातीला लागलं. तिचा आवाज बसला. तिनं डोळे मिटून कुलदेवीचं नाव घेतलं.

आणि तेवढ्यात माडांतून डोळे चोळत, लुंगी सावरत आंबाजी खाली आला. रोजच्यासारखाच उशिरा. रोजच्याहूनही उशिरा, कारण आता बोलणारं कुणी नव्हतं. त्यानं जांभई द्यायला तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं.

"भावोजी! धावा!"

आंबाजी धावला. गावानं आंबाजीला धावताना कधी बघितलं नव्हतं, आणि त्या दिवशीही बघितलं नाही, कारण गाव तिथं नव्हतंच. पाण्यात शिरून त्यानं कमरेची सुरी काढली, बुडी मारून बारीक दोरी कापली आणि वहिनीच्या काखेत हात घालून तिला ओढत ओढत खडकांपर्यंत आणलं. दोघं धापा टाकत पडली.

जरा श्वास बसला तसा आंबाजी तिचा हात घेऊन बसला. असा गळ मागं ओढून निघत नाही. तो पुढे ढकलून उलटं टोक पलीकडून बाहेर काढायचं, ते तोडायचं, आणि मग गळ मागं घ्यायचा. "ओरडायचं तर ओरड वहिनी," तो म्हणाला. बारकी ओरडली नाही. तिनं ओठ चावला. गळ निघाला, रक्त आलं, आणि आंबाजीनं आपल्या डोक्याचं फडकं तिच्या हाताला गुंडाळलं.

"बाकीची कुठं गेली सगळी?" बारकीनं विचारलं.

"घरी. दुसरं कुठं?"

"आधी बसायची ना इथं. गप्पा मारत."

"गप्पा कसल्या!" आंबाजीला नवल वाटलं. "तुझी दोरी निघेपर्यंत बसायची ती. सगळ्यांत लांब तुझी, मग सगळ्यांत शेवटी तूच वर येणार. खाली बाई एकटी असताना घरी कसं जायचं? आता बसायचंच, तर मग पान काढायचं, गोष्टी सांगायच्या. नाहीतर ह्या तापल्या खडकावर कोण हौसेनं बसतं?"

बारकीनं शेजारच्या रिकाम्या खडकावर हात टेकला. आंबाजी घाबरला, त्याला वाटलं हिला भोवळ आली.

"मला कुणी कधी बोललं नाही," ती म्हणाली.

"त्यात बोलायचं काय?" आंबाजी म्हणाला, आणि मग त्याला आपली दोरी आठवली. ती केव्हाच पाण्याखाली गेली होती, माशांसकट. "जाऊ दे," म्हणून त्यानं राहिलेली जांभई पुरी केली.

संध्याकाळी बारकी हाताला फडकं बांधूनच तांडेलाच्या दारात गेली. पोरांना तिनं सोबत घेतलं होतं. तांडेल सुपारी कातरत बसला होता.

"मामा, उद्यापासून हाक घाला."

"हाक काय, घालीन. पण माणसं आता येतील का? त्यांना मोकळं राहायची सवय लागली. तूच लावलीस."

"मीच लावली. मीच मोडीन." तिचा आवाज अजून बसलेलाच होता, पण डोळे भरून आले होते ते तिनं लपवले नाहीत. "माझी चूक झाली, मामा. मी तुम्हाला सगळ्यांना रिकामटेकडे समजत होते. मनातल्या मनात शिव्या घालत होते. तुम्ही माझ्यासाठी बसत होता हे मला दिसलंच नाही."

"तुला कसं दिसणार?" तांडेल म्हणाला. "तुझी पाठ आमच्याकडे असायची."

बारकी त्याच पावली घरोघर फिरली. घसा बसलेला, म्हणून दारात उभी राहून हळू बोलावं लागलं, आणि बारकी हळू बोलतेय म्हणून लोकांनी कान देऊन ऐकलं. कुणी हसलं, कुणी टोमणा मारला. ते तिनं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी निम्मी माणसं आली. चार दिवसांत सगळी यायला लागली. हात बरा होईपर्यंत बारकीला दोरी लावता येत नव्हती, तरी ती रोज उतरायची आणि शेवटची दोरी निघेपर्यंत खडकावर बसायची. बसून बघितलं तेव्हा तिला कळलं की खडक किती तापतो, आणि मासळी टोपलीत मऊ पडत असताना बसून राहणं किती जिवावर येतं.

पुढे आंबाजीनं मुलाचं लग्न केलं, दोरीचं काम सुनेच्या गळ्यात मारलं आणि आपण झोपायला मोकळा झाला. सून दर्याकाठचीच, पण हात अजून बसायचा होता. एकेक मासा सोडवायला पोरगी घटका घटका लावायची. बारकीची दोरी त्या दिवशी लवकर आवरली होती, टोपलीत सुरेख तांब होता, आणि बाजार भरायची वेळ झाली होती. ती खडकावर पाय पसरून बसली होती. बाजूला तांडेल होता, आणखी चार बायका होत्या.

सुनेनं खालून मान वर करून बघितलं. मग शेजारी वाळूत शिंपल्या वेचणाऱ्या मैत्रिणीला ती म्हणाली, "काय गो या बायका! मासे मिळाले तरी घरी जायचं नाव नाही. सारख्या गप्पा. यांना घरी कामंधामं नाहीत वाटतं."

वारा खालून वर येत होता. शब्दन् शब्द बारकीच्या कानावर पडला. एरवी तिनं त्या पोरीच्या सात पिढ्यांची खबर घेतली असती. चारही बायका तिच्या तोंडाकडे बघायला लागल्या, आता काय होतंय म्हणून.

बारकीनं पानाला चुना लावला, पान गालात सरकवलं आणि तांडेलाकडे वळली.

"मामा," ती म्हणाली, "आणखी एक गोष्ट सांगा. चांगली लांबलचक सांगा. पोरीची अर्धी दोरी अजून बाकी आहे."

तात्पर्य: आपण कुणाकुणासाठी थांबलो हे आपल्याला पक्कं आठवतं. आपल्यासाठी कोण थांबलं, ते मात्र मागं वळून बघितल्याशिवाय दिसत नाही.